दोन महिने की सहा वर्षं? ऑनलाइन गेम घडण्याच्या काळामागची गोष्ट

26 सप्टेंबर 2017 रोजी एपिक गेम्सने 'फोर्टनाइट बॅटल रॉयल' सर्वांसाठी फुकट खुला केला. एक बेट, शंभर खेळाडू, शेवटी एक उरणार. दोन आठवड्यांत एक कोटी लोक तो खेळून गेले. हा प्रकार आपण साधारण दोन महिन्यांत उभा केला, असं त्या टीमने नंतर सांगितलं. तेव्हापासून एखादा ऑनलाइन गेम रखडला की खेळणारे हाच दाखला पुढे करतात: त्यांना दोन महिन्यांत जमलं, मग तुम्हाला पाच वर्षं कशाला?

मूळ 'फोर्टनाइट'ची घोषणा डिसेंबर 2011 मध्ये झाली होती. राक्षसांपासून किल्ला वाचवायचा, असा तो सहकारी खेळ होता आणि जुलै 2017 मध्ये कुठे तो पैसे भरणाऱ्यांच्या हाती आला. झटपट भिंती आणि जिने उभारण्याची यंत्रणा, पात्रांचं धावणं-उडी मारणं, बंदुका, लॉगिन, सर्व्हर, हे सगळं त्या सहा वर्षांत झालं. दोन महिन्यांत त्यावर नवा खेळ रचला गेला. दोन्ही आकडे खरे आहेत. ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमला किती काळ लागतो, या प्रश्नाच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. छोट्या आकड्याच्या पोटात कुणाचा तरी मोठा आकडा असतो.

सुरुवात संगणकाच्या पडद्यावर फक्त अक्षरं उमटत होती तेव्हाची आहे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' लिहायला घेतला. अनेकांनी एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरायचं, ही कल्पना. 1980 मध्ये ट्रबशॉने विद्यापीठ सोडलं आणि रिचर्ड बार्टलने काम पुढे नेलं. ना प्रकाशक होता, ना लाँचची तारीख. त्यामुळे हा गेम 'पूर्ण' कधी झाला, हे सांगणं अवघड आहे. आज ज्याला 'लाइव्ह गेम' म्हणतात त्याची मूळ घडण मला इथे दिसते: लोक आत खेळत असतानाच बाजूला काम चालू.

नव्वदच्या दशकात चित्र वेगळं होतं. आयडी सॉफ्टवेअरच्या मूठभर माणसांनी 'डूम' सुमारे वर्षभरात केला आणि 10 डिसेंबर 1993 रोजी तो बाहेर आला. चार जणांनी नेटवर्कवर एकमेकांशी लढायची सोय त्यात होती. त्याची युक्ती साधी होती. प्रत्येक संगणकाने आपल्या खेळाडूने कोणती बटणं दाबली ते इतरांना कळवायचं आणि सगळ्यांची माहिती आल्यावरच खेळ एक पाऊल पुढे सरकायचा. एका खोलीतल्या तारांवर हे छान चाललं. एकाची जोडणी मंदावली की मात्र सगळेच अडकायचे.

जून 1996 मध्ये त्याच स्टुडिओचा 'क्वेक' आला तेव्हा खेळाचा ताबा सर्व्हरकडे गेला. खेळाडूचा संगणक फक्त विचारणार, सर्व्हर उत्तर देणार. पण मोडेमवरून इंटरनेटला जोडलेल्या माणसाने पुढे जायचं बटण दाबलं की पाऊल पडायला जाणवेल इतका उशीर व्हायचा. स्टुडिओचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने यावर पुन्हा बैठक मारली आणि डिसेंबर 1996 मध्ये 'क्वेकवर्ल्ड' दिला. त्यात खेळाडूचा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच अंदाज बांधून पाऊल टाकतो आणि अंदाज चुकला तर मागाहून सुधारतो. म्हणजे 'क्वेक' विकायला आला जूनमध्ये, पण घरच्या फोनलाइनवर नीट खेळण्याजोगा झाला सहा महिन्यांनी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण वर्षं नेमकी कुठे खर्ची पडतात ते इथेच कळतं. समजा, तुम्ही दाराआडून डोकावलात, समोरचा दिसला आणि तुम्ही गोळी झाडलीत. नेम बरोबर त्याच्या छातीवर होता. पण ते दृश्य सर्व्हरकडून तुमच्यापर्यंत यायला 50 मिलिसेकंद लागले होते आणि तुमची गोळी सर्व्हरला कळायला आणखी 50 लागणार. तेवढ्यात समोरचा भिंतीआड गेला. आता खरं कुणाचं मानायचं? सर्व्हरने काळ मागे फिरवून तुम्ही जे पाहिलं ते ग्राह्य धरलं, तर समोरचा भिंतीमागे सुखरूप उभा असताना मरतो आणि चिडतो. तसं केलं नाही, तर तुमची गोळी लागूनही लागत नाही आणि तुम्ही चिडता. व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या यान बर्नियरने 2001 मध्ये काळ मागे फिरवण्याची ही पद्धत तपशीलवार मांडली आणि ती पुढे बहुतेक नेमबाजीच्या खेळांनी उचलली.

मुळात हा उशीर पूर्णपणे घालवता येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2,00,000 किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किमान 10 मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. प्रोग्रामर दुप्पट नेमले तरी हा आकडा खाली येत नाही. तो सामावून घेऊनच खेळ रचावा लागतो: पात्र किती वेगाने पळेल, दारं किती रुंद असतील, एका फटक्यात कुणी मरेल का. एकट्याने खेळायच्या गेममध्ये दार उघडणं म्हणजे एक हालचाल असते. ऑनलाइन गेममध्ये ते दार कुणाच्या पडद्यावर केव्हा उघडलं, दोघांनी एकदम ढकललं तर काय आणि मध्येच एकाची लाइन तुटली तर काय, हे सगळं ठरवावं लागतं. शेवटी जोडू म्हणून मल्टिप्लेअर मागे ठेवणारे स्टुडिओ अर्धा गेम पुन्हा लिहायला बसतात ते यामुळे.

त्यात फसवणुकीची भर. 1996 च्या शेवटी आलेल्या 'डायब्लो'मध्ये पात्राची माहिती खेळाडूच्याच संगणकावर राहायची. थोड्याच काळात लोकांनी आपल्या पात्रांना हवी ती ताकद आणि हवी ती शस्त्रं देऊन टाकली. 2000 साली 'डायब्लो 2' आला, तेव्हा तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने पात्रं आपल्या सर्व्हरवर सांभाळायची सोय केली. खेळाडूच्या संगणकाने सांगितलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा धडा तेव्हापासून प्रत्येक टीमच्या वेळापत्रकात जागा घेऊन बसला आहे.

हजारो लोक एका जगात आणायचे म्हटल्यावर आणखी एक अडचण पुढे आली, आणि मला तरी ती सगळ्यांत बोलकी वाटते. 'अल्टिमा ऑनलाइन'चं काम ओरिजिन सिस्टिम्समध्ये 1995 च्या सुमारास सुरू झालं. त्याच्या बीटा चाचणीसाठी, म्हणजे लाँचआधी खेळाडूंनी खेळून पाहायच्या फेरीसाठी, सीडीचे 5 डॉलर घेतले, तरी सुमारे 50,000 लोक पुढे आले. रिचर्ड गॅरियट आणि राफ कोस्टर यांच्या टीमने त्या जगात एक जिवंत निसर्ग घडवला होता. गवत उगवणार, गवतावर चरणारे प्राणी, त्यांच्यावर जगणारे लांडगे, आणि भक्ष्य कमी पडलं की लांडगे गावाकडे वळणार. कागदावर आणि आतल्या चाचण्यांत ते चालत होतं. खेळाडू आत आले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी मारला. ससे असोत की लांडगे, नवे जन्मण्याआधीच संपले. समतोल पाहायला कुणी थांबलंच नाही. अखेर ती व्यवस्था काढून टाकावी लागली.

यात त्या टीमची अक्कल कमी पडली, असं मी म्हणणार नाही. हजारो माणसं एकत्र आल्यावर कशी वागतात, हे वीस जणांच्या ऑफिसात बसून कळत नाही. त्यासाठी माणसंच लागतात. सप्टेंबर 1997 मध्ये गेम आला तो असे धडे गिळून, आणि तरीही लाँचनंतर लॅग (जोडणीतल्या उशिरामुळे खेळ अडखळणं) आणि खेळाडूंच्या लुटालुटीशी झुंजत राहिला. बीटा ही औपचारिकता उरली नाही, ती बांधकामाचाच एक टप्पा झाली.

पुढे आकडे वाढत गेले. 1996 मध्ये हाती घेतलेला 'एव्हरक्वेस्ट' मार्च 1999 मध्ये आला, म्हणजे तीनेक वर्षं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची घोषणा सप्टेंबर 2001 मध्ये झाली आणि तो 23 नोव्हेंबर 2004 रोजी आला. काम घोषणेच्या बरंच आधी सुरू झालेलं होतं. पहिल्या दिवशी 2,40,000 हून जास्त प्रती खपल्या आणि सर्व्हरबाहेर रांगा लागल्या. व्हॉल्व्हच्या 'टीम फोर्ट्रेस 2'ने तर सगळ्यांची परीक्षा पाहिली. 1999 मध्ये दाखवला तेव्हा तो खऱ्याखुऱ्या युद्धासारखा होता. ऑक्टोबर 2007 मध्ये आला तेव्हा त्याचं रूप व्यंगचित्रांसारखं झालं होतं. मधल्या काळात तो एकदा नव्हे, अनेकदा नव्याने मांडला गेला होता.

त्याच काळात उलटं उदाहरणही घडत होतं. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' गेमवर मॉड म्हणून (तयार गेममध्ये बदल करून) 'काउंटर-स्ट्राइक' रचला आणि जून 1999 मध्ये त्याचा पहिला बीटा इंटरनेटवर टाकला. इंजिन (गेम चालवणारं पायाभूत सॉफ्टवेअर), नेटकोड (नेटवर्कवर माहितीची देवाणघेवाण करणारा भाग), हालचाली सगळं हाफ-लाइफकडून आयतं मिळालेलं. बॅटल रॉयलचंही तसंच. 'पबजी'चं काम 2016 च्या सुरुवातीला सुरू झालं आणि मार्च 2017 मध्ये तो लोकांच्या हाती होता. वर्षभरात एवढं कसं जमलं? तो घडवणारा ब्रेंडन ग्रीन 2013 पासून दुसऱ्यांच्या गेमवर मॉड करून हीच कल्पना घासूनपुसून पाहत होता, आणि खाली तयार अनरियल इंजिन होतं.

वाया गेलेली वर्षंही अशीच कुणाच्या तरी कामी येतात. ब्लिझार्डने 'टायटन' नावाच्या महाकाय ऑनलाइन गेमवर सुमारे सात वर्षं घालवली आणि सप्टेंबर 2014 मध्ये तो बंद केल्याचं जाहीर केलं. दोन महिन्यांनी त्याच टीमच्या उरलेल्या भागाने 'ओव्हरवॉच' दाखवला आणि मे 2016 मध्ये तो आलाही. ओव्हरवॉचचा चेहरा झालेली ट्रेसर क्षणात पुढे झेपावते, क्षणात काळ मागे फिरवते. तिच्या या करामती टायटनमधल्या एका पात्राकडूनच आल्या.

लाँचनंतर काय होतं, यासाठी मी नेहमी 'फायनल फँटसी 14' कडे बोट दाखवतो. 30 सप्टेंबर 2010 रोजी तो आला आणि सपशेल आपटला. डिसेंबरमध्ये नाओकी योशिदाने सूत्रं हाती घेतली. काय चुकलं होतं, हे सांगताना तो पुढे एका फुलझाडाच्या कुंडीचं उदाहरण देत असे. दृश्यातली ती साधी कुंडी एका खेळाडूच्या पात्राइतकीच तपशीलवार घडवलेली होती. एकट्याच्या गेममध्ये अशी कुंडी शोभून दिसते. जिथे एका चौकात शेकडो खेळाडू जमायचे आहेत, तिथे तीच कुंडी पडद्यावर किती माणसं दिसू शकतील यावर मर्यादा घालते. योशिदाच्या टीमने जुना गेम चालू ठेवून, त्यात सुधारणा करत, शेजारी नवा गेम बांधला. 11 नोव्हेंबर 2012 रोजी जुने सर्व्हर बंद केले आणि 27 ऑगस्ट 2013 रोजी नवा गेम आणला. पावणेतीन वर्षांत हे करणं कमालीचं अवघड होतं. नव्यालाही पहिल्या दिवसांत इतकी गर्दी झाली की डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली.

अलीकडे खेळाडूंची अपेक्षा वाढली आहे. लाँच झाल्यावर दर काही आठवड्यांनी नवं काहीतरी हवं असतं, म्हणून पुढच्या सीझनचं काम लाँचच्या आधीच सुरू करावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये नॉटी डॉगने आपला 'द लास्ट ऑफ अस'वरचा ऑनलाइन गेम रद्द केला. तो आणायचा तर पुढची कित्येक वर्षं सगळा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल, हे कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तो निर्णय प्रामाणिक वाटला. 'कॉन्कॉर्ड' या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमचं दुःख वेगळं. तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओ 2018 मध्ये सुरू झाला होता. गेम 23 ऑगस्ट 2024 रोजी आला, 6 सप्टेंबरला बंद झाला आणि पुढच्याच महिन्यात स्टुडिओही. जेवढी वर्षं लागतात तेवढी लोकांची आवड बदलायची शक्यता वाढते, आणि ही जोखीम कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला 'हेलडायव्हर्स 2' हाही जवळपास आठ वर्षांचा, आणि त्याचं इंजिन बनवणाऱ्या कंपनीने ते 2018 मध्ये बंदच केलेलं. तरी तो इतका चालला की सर्व्हरवर एका वेळी 4,50,000 खेळाडूंची मर्यादा घालावी लागली.

काउंटर-स्ट्राइक अजून चालू आहे. सप्टेंबर 2023 मध्ये व्हॉल्व्हने त्याची 'काउंटर-स्ट्राइक 2' ही आवृत्ती आणली. त्याआधी व्हॉल्व्हचे सर्व्हर सेकंदाला 64 वेळा जगाची नोंद घ्यायचे आणि दोन नोंदींच्या मधे दाबलेलं बटण पुढच्या नोंदीत ढकललं जायचं. नव्या आवृत्तीत ते बटण नेमकं कुठल्या क्षणी दाबलं, हेही सर्व्हरला कळवलं जातं. ती बाहेर पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांतली तक्रार जुनीच होती: मी भिंतीमागे पोचलो होतो, तरी मेलो. व्हॉल्व्हची टीम पुन्हा अपडेट काढायला बसली.