नट काढला तरी बॉल जॉइंट का सुटत नाही?

नटला फिरू न देणारी स्प्लिट पिन काढली, नट काढला, तरी गाडीच्या चाकाजवळचा बॉल जॉइंट जागचा हलत नाही. मग खापर फुटतं गंजावर. स्प्रे मारला जातो, अर्धा तास वाट पाहिली जाते, शेवटी दांड्याच्या टोकावर हातोडा बसतो आणि आटे चेपतात. गंजाचा थोडा हात असतोच, पण आठवड्यापूर्वी बसवलेला चकचकीत जॉइंटही असाच अडून बसतो. कारण नट हा त्याला धरून ठेवणारा मुख्य भाग नाहीच.

आधी हा भाग काय आहे ते पाहू. पॉलिश केलेला पोलादी गोळा, त्याभोवती प्लास्टिकचं अस्तर असलेली खोबण, आत ग्रीस आणि वरून रबरी बूट. खोबण सस्पेन्शनच्या लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेवर, असते. गोळ्यातून निघालेला दांडा नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो त्या भक्कम भागात, अडकतो. चाक खड्ड्यात वर-खाली होतं आणि त्याच वेळी स्टिअरिंगबरोबर वळतं. एका जागी या दोन्ही हालचाली हव्यात, म्हणून गोळा.

खोक्यावर ‘आयुष्यभर ग्रीस नको’ असं छापलेलं असतं. आयुष्य कोणाचं, ते छापत नाहीत. ते असतं बुटाचं. बूट फाटला की पाणी आणि बारीक वाळू आत शिरते, गोळ्यावर गंज चढतो आणि तो खरखरीत गोळा अस्तर खात सुटतो. बाहेरून स्प्रे मारला की किरकिर काही दिवस थांबते, झीज थांबत नाही. उलट तो पातळ द्रव आतलं ग्रीस धुऊन काढतो.

तपासणीत एक मेख आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या, गाडीत वजन स्ट्रटमधून वर जातं आणि खालचा जॉइंट फक्त दिशा सांभाळतो. तिथे गाडी बॉडीखाली उचलून चाक लोंबकळू द्यावं. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं असतं तिथे, स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल, तर जॅक त्या आर्मखालीच, जॉइंटच्या जवळ लावायचा. नाहीतर स्प्रिंगचा जोर जॉइंटवर राहतो आणि प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेली ढिलाई, लपतो. मग चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं, टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचलून पाहायचं आणि नजर जॉइंटवर ठेवायची. असाच प्ले हबच्या बेअरिंगमुळेही येतो. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं: प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर संशय जॉइंटवर.

आता त्या न सुटणाऱ्या दांड्याकडे. तो सरळ नसतो, निमुळता असतो. भोकही तेवढंच निमुळतं. समजा, दर १० मिमी लांबीला व्यास १ मिमीने कमी होतो. म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार ०.०५. पोलादावर पोलाद घासताना घर्षणांक धरू ०.१५. उतार बाहेर ढकलतो ०.०५ ने, घर्षण अडवतं ०.१५ पर्यंत. उतारापेक्षा घर्षण जास्त आहे तोवर पाचर आपोआप निसटत नाही. दार अडवायला खाली ठोकलेली लाकडी पाचर हात काढल्यावरही तिथेच राहते, तेच हे.

नटचं काम पाचर ठोकण्याचं, आणि पुढे ती कधी ढिली झालीच तर राखण करण्याचं. १२ मिमी आट्यांचा नट ६० न्यूटन-मीटरला आवळला, तर तो दांडा सुमारे २५ किलोन्यूटनने ओढतो, म्हणजे अडीच टन वजनाइतक्या जोराने. आत जाताना उतार आणि घर्षण दोन्ही आड येतात, त्यांची बेरीज ०.२०. २५ ला ०.२० ने भागा: भोकाच्या भिंतीवर १२५ किलोन्यूटन, साडेबारा टन. नट काढल्यावर उतार आपल्या बाजूला येतो, तरी ०.१५ वजा ०.०५ म्हणजे ०.१० इतकी अडवणूक उरतेच. १२५ चा दहावा भाग साडेबारा किलोन्यूटन, सव्वा टन. एवढा जोर नुसत्या हाताने लागत नाही. वर्षानुवर्षांच्या गंजाची भर वेगळी.

याच गणितातून सोडवण्याची रीतही निघते. दांड्याला ढकलण्यापेक्षा घर्षणच क्षणभर घालवायचं. त्यासाठी ठोका दांड्यावर नाही, नकलच्या भोकाभोवतीच्या कड्यावर, बाजूने. समोरच्या बाजूला एक जड हातोडा टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने सणसणीत मारायचं. कडं निमिषभर लंबगोल होतं, पकड काही ठिकाणी सुटते आणि आवळून बसलेलं पोलाद दांड्याला स्वतःच बाहेर फेकतं. आवाजावर कान ठेवा: घट्ट असेपर्यंत खणखणीत ‘ठण्ण’ येतो, सुटला की बोदा. नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोडा नको, तिला तडा जाऊ शकतो, तिथे पुलरच, म्हणजे स्क्रू फिरवून दांडा ढकलून काढणारं अवजार. दोन दातांचा काटा ठोकूनही जॉइंट निघतो, पण तो बूट फाडतो, म्हणून टाकायच्या जॉइंटलाच वापरावा. गॅसने तापवणं टाळावंच.

हे करताना नट पूर्ण काढलेला नसावा. तो ३-४ आट्यांवर ठेवूनच ठोकायचं, नाहीतर आर्म झटक्यात खाली येतो. लोअर आर्मवर स्प्रिंग असेल तर आर्मखालचा जॅक शेवटपर्यंत हलवायचा नाही. दाबलेली स्प्रिंग हाड मोडू शकते. त्याआधीची तयारी नेहमीचीच: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले, मागच्या चाकांना अडणी, गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर, एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर क्लिपमधून मोकळी. नकल ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायची नाही, तारेने वर बांधायची. पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असेल तर नकल बाहेर ओढायचीही नाही. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निखळतो.

काही गाड्यांत दांडा सरळ असतो, त्याला खाच असते आणि आडवा बोल्ट त्या खाचेतून जातो. तिथे वरचं गणित लागू नाही. बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो.

आर्मकडची बाजू बोल्टची असेल तर सोपं. रिव्हेट असतील तर ते ड्रिलने काढून नव्या जॉइंटसोबत आलेले बोल्ट लावायचे. जॉइंट दाबून बसवलेला असेल तर सर्क्लिप, म्हणजे त्याला अडवणारी स्प्रिंगची कडी, काढून सी-प्रेसने, म्हणजे C आकाराच्या स्क्रूच्या शिकंज्याने, ढकलून काढायचा. नवा जॉइंट आत घेताना दाब बाहेरच्या कडेवर द्यावा, मधल्या टोपीवर नको. तिरका गेला तर आर्मचं भोक खरवडतं आणि नवा जॉइंटही सैल बसतो. कित्येक गाड्यांत मात्र जॉइंट सुटा मिळतच नाही, अख्खा आर्म बदलावा लागतो.

बसवताना निमुळत्या भागाला ग्रीस लावण्याची हौस अनेकांना असते. समजा घर्षणांक ०.०८ वर आला: त्याच २५ किलोन्यूटनला भिंतीवरचा दाब १९० च्या वर जातो, म्हणजे नकलच्या कड्यावर दीडपट ताण, आणि दांडा धरून ठेवण्याची ताकद मात्र निम्म्यावर. म्हणून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे. आवळण्याआधी दांडा हाताने भोकात बसवून हलवून पाहा. डुलत असेल तर भोकच खराब झालंय, नकल बदलावी लागेल.

आवळताना दांडा नटसोबत फिरू लागला तर आर्मखाली जॅक देऊन त्याला वर दाबा. पाचर बसली की फिरणं थांबतं. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच. खाचांच्या नटला पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, मागे कधीच नाही. मागे फिरवला की पाचरेवरचा ताण गेला. आत नायलॉनचं कडं असलेला नट असेल तर नवा.

अख्खा आर्म बदलला असेल तर त्याच्या बुशांचे, म्हणजे आर्म सांगाड्याला जोडणाऱ्या रबरी नळ्यांचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळायचे. त्यांतलं रबर घसरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, या सगळ्यानंतर. झिजलेल्या जॉइंटवर केलं तर मशीन अचूक आकडे दाखवतं, पण ते चाक त्या क्षणी ज्या बाजूला कललेलं असतं तिथले. पहिल्याच वळणावर प्ले दुसऱ्या बाजूला जातो आणि टायर पूर्वीसारखाच एका कडेने झिजत राहतो.