परदेशी शिकायला गेल्यावर सातबाऱ्यावरचं नाव जातं का?

“पोरगं परदेशात शिकायला गेलं की वडिलोपार्जित शेतीतला हक्क संपतो, म्हणून जाण्याआधीच हक्कसोडपत्र करून घ्या.” लातूर-परभणीकडच्या घरांतून हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण विकत घेणं वेगळं आणि वारशानं मिळणं वेगळं. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ च्या कलम ६(५) नुसार भारतात राहत असताना मिळालेली किंवा इथल्या रहिवाशाकडून वारशानं आलेली जमीन परदेशात राहूनही स्वतःकडे ठेवता येते. मुलींचंही तसंच, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत त्यांना मुलांइतकाच हक्क आहे, आणि शिकायला बाहेर गेल्यानं तो जात नाही.

खात्री करणं सोपं आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक टाका. साधा उतारा फुकट दिसतो. नाव कमी झालेलं वाटलं तर फेरफार क्रमांक पाहून तलाठ्याकडे त्या नोंदीचं कारण विचारा. उताऱ्यावर पहिल्यापासून वडिलांचंच नाव असेल, तर काही कमी झालेलं नाही.

हक्कसोडपत्राची घाई मात्र खरंच करू नका. नोंदणी झाली की ते सहजासहजी फिरवता येत नाही, आणि भावंडांत कायमची अढी बसते. कागदांवर सही लागणार असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवता येतं. इथं पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.