दाढेच्या मुळाचं टोक सापडतं कसं?

खुर्चीत आ वासून पडलो होतो. खालच्या ओठाला तारेची एक वाकडी कडी अडकवलेली. डॉक्टरांनी केसापेक्षा थोडीशीच जाड सुई दाढेत सरकवली आणि शेजारच्या छोट्या डबीतून ‘पीप... पीप...’ सुरू झालं. सुई आत जाईल तसा आवाज घाईघाईने येऊ लागला आणि शेवटी सलग झाला. ‘साडेएकोणीस लिही,’ डॉक्टर मदतनीस मुलीला म्हणाल्या. मी भुलीमुळे सुजल्यासारख्या वाटणाऱ्या तोंडाने ‘काय साडेएकोणीस?’ असं विचारलं, ते कुणालाच कळलं नाही.

ते मिलिमीटर होते. रूट कॅनॉलमध्ये दाढेच्या मुळातली सडलेली नस काढून ती पोकळी शेवटपर्यंत साफ करायची असते. शेवटपर्यंतच, पुढे नाही. मिलिमीटर-दोन मिलिमीटर अलीकडे थांबलं, तर जंतू मागे राहतात आणि दाढ पुन्हा ठणकते. टोकाबाहेर गेलं, तर सुई पलीकडच्या हाडाला टोचते. आणि हे सगळं डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी.

पूर्वी यासाठी सुई आत ठेवूनच एक्स-रे काढत आणि फिल्म धुऊन येईपर्यंत पेशंट तसाच आ करून बसे. आता दाढेमागे सेन्सर धरला की काही क्षणांत पडद्यावर चित्र उमटतं. (1896 साली जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा त्यांना 25 मिनिटं न हलता बसावं लागलं होतं.) पण एक्स-रे कितीही झटपट निघाला तरी ती सावलीच. मुळाचं तोंड बऱ्याचदा अगदी टोकाला नसतं, थोडं अलीकडे, बाजूला उघडतं. ते आपल्या दिशेला किंवा बरोबर उलट दिशेला असेल, तर सावलीत कळणार कसं?

याचं उत्तर विजेने दिलं, तेही जपानमध्ये. 1942 साली सुझुकी या संशोधकाला कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करताना एक गंमत आढळली. मुळाच्या टोकाशी पोचलेली सुई आणि तोंडातली ओली त्वचा यांच्यामधला विजेचा रोध जवळपास ठरावीक असतो. 1962 मध्ये सुनादा यांनी माणसांत तो मोजला. दात कोणताही असो, वय कितीही असो, आकडा साधारण साडेसहा हजार ओम. माझ्या ओठावरची कडी म्हणजे त्या सर्किटचं दुसरं टोक होतं.

एक अडचण मात्र होती. मुळात रक्त, पू किंवा धुण्याचं औषध असलं की वीज त्यातूनच वाट काढायची आणि यंत्र चुकायचं. 1990च्या सुमारास कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. वीज एकाऐवजी दोन वारंवारतांची सोडायची आणि दोन्ही मापांचा भागाकार बघायचा. भाजीवाल्याचा काटा खोटा असला, तरी दोन्ही भोपळे त्याच काट्यावर तोलले तर एक दुसऱ्याच्या किती पट, हे बरोबरच निघतं ना? तसंच हे. ओलाव्यामुळे येणारी खोट दोन्ही मापांत सारखीच असते, ती भागाकारात बरीचशी उडून जाते. मला विचाराल तर दातांच्या दवाखान्यातली सगळ्यात हुशार वस्तू म्हणजे ही पीप-पीप करणारी डबीच. महागड्या खुर्चीकडे मात्र सगळ्यांचं लक्ष जातं.

टोक सापडलं तरी तिथवर जाणं उरतंच. मुळं सरळ कुठे असतात! पोकळी खरवडणारी स्टीलची जाड सुई, म्हणजे फाइल, वळणावर स्वतःची सरळ वाट कोरू पाहते, बोळात बांबू घातल्यासारखी. 1988 मध्ये निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स करून पाहिल्या गेल्या. हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतून आलेला. तो वाकतो आणि सोडला की पुन्हा सरळ होतो. म्हणूनच ती फाइल मोटरला लावून वळणातही फिरवता येते. तिचा एक दुर्गुण आहे: मोडताना आगाऊ सूचना देत नाही. त्यामुळे आजकालच्या मोटरी जोर वाढला की आपोआप थांबतात किंवा उलट्या फिरतात.

गुंतागुंतीच्या मुळांसाठी त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनही काढतात. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी पोकळी लपलेली असते, ती त्यात सापडू शकते. पण त्याचा किरणोत्सर्ग छोट्या एक्स-रेपेक्षा जास्त, तेव्हा प्रत्येक दाढेला तो हवाच असं नाही. ‘कशासाठी?’ असं बेलाशक विचारावं.

शेवटच्या बैठकीला दाढ भरली. आत गेला तो गट्टापर्चा, म्हणजे झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांना हाच गुंडाळत. आणि तो चिकटवायला जो लगदा कालवला, त्याचा वास नाकाशी येताच मी ओळखला. लवंग! काही डॉक्टर अजूनही झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल वापरतात, आणि युजेनॉल हाच लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. आजी दाढेखाली धरायला द्यायची, तीच लवंग. फक्त आता ती साडेएकोणीस मिलिमीटर खोल गेली होती.