मेयो रुग्णालय, नागपूर

नागपूरच्या मध्यभागी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूलगत असलेले शासकीय रुग्णालय. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न.

रुग्णालयाचे मूळ १८६२ सालच्या एका लहान सरकारी दवाखान्यात मानले जाते. मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला व नागपूर त्याची राजधानी झाली, हे लक्षात घेता हे साल स्वीकारण्यास अडचण नाही. मात्र ‘१८६२ मध्ये मेयो रुग्णालय स्थापन झाले’ हे विधान कालविपर्यासाचे ठरते. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय म्हणून जानेवारी १८६९ मध्ये रुजू झाले. तेव्हा हे नाव त्याआधीचे असणे संभवत नाही.

नाव नेमके केव्हा पडले, याविषयी दोन तर्क करता येतात. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानातील होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली या बंदिवानाने मेयोंचा खून केला. त्यानंतर अजमेरचे मेयो कॉलेज यांसारखी स्मारके उभी राहिली, म्हणून नागपूरच्या रुग्णालयाचे नामकरणही मृत्यूनंतरचे असावे, हा पहिला तर्क. परंतु लाहोरचे मेयो रुग्णालय १८७१ मध्ये, म्हणजे त्यांच्या हयातीतच सुरू झाले होते. शिवाय डिसेंबर १८७० च्या त्यांच्या वित्तविषयक ठरावाने वैद्यकीय खात्याचा खर्च तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते यांच्या बरोबरीने प्रांतांकडे सोपवला. प्रांतिक रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यास हे कारण पुरेसे होते. त्यामुळे १८६९ नंतरची काही वर्षे एवढीच मर्यादा धरणे अधिक सुरक्षित.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुरुषांसाठी मेयो व स्त्रियांसाठी डफरिन ही नागपुरातील प्रमुख रुग्णालये होती. १९४७ मध्ये शहराच्या दक्षिण भागात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर मोठ्या उपचारांचा बराच भार तिकडे गेला. मेयोला वैद्यकीय शिक्षणाची जोड १९६८ मध्ये, स्वतःच्या महाविद्यालयाच्या स्थापनेने मिळाली. पदव्या पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या असत. आता महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे.

महाल, इतवारी, मोमिनपुरा या जुन्या वस्त्यांना हेच रुग्णालय जवळचे. महाविद्यालयाला इंदिरा गांधींचे नाव असले, तरी ऑटोवाल्याला सांगताना ‘मेयो’ एवढेच पुरते. आणि ‘मेडिकल’ म्हटले की तो दक्षिणेकडच्या रुग्णालयाकडे वळतो.