लोकल काच आणि डुप्लिकेट काच

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या चिपळूणच्या दुकानात एक काका आले. तीस वर्षं कुवेतला काढलेली, आता कायमचे गावी. रुमालात गुंडाळून आणलेलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं. १९९४ साली घेतलेलं रोलेक्स डेटजस्ट, काचेला कडेपासून थेट तारखेपर्यंत तडा.

"काच बदलून दे. पण लोकल-डुप्लिकेट काही घालू नको हां."

"काका, लोकल नको की डुप्लिकेट नको?"

"दोन्ही एकच ना रे ते!"

एकच नाहीत, आणि हे काकांनाही पक्कं ठाऊक आहे. स्कूटरची क्लच केबल घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "कंपनीची देऊ की लोकल?" लोकल म्हणजे दुसऱ्या कारखान्याने आपल्या नावाने बनवलेली, त्या गाडीला बसणारी केबल. पाकिटावर गाडीच्या कंपनीचं नाव छापलेलं आणि कंपनीला त्याचा पत्ताच नाही, ती डुप्लिकेट. केबल घेताना आपण हा फरक बरोबर करतो. घड्याळ महागडं असलं की मात्र घाबरून दोन्ही एकाच पिशवीत टाकतो. घड्याळवाले ज्याला आफ्टरमार्केट म्हणतात ते म्हणजे आपलं हे लोकल. त्यात खोटं काही नाही.

काकांना पटावं म्हणून मी दोन काचा काढून काळ्या कापडावर ठेवल्या. दोन्ही सफायरच्या, म्हणजे सहजी चरा न पडणाऱ्या कृत्रिम नीलमण्याच्या, एकाच मापाच्या, दोन्हींवर तारखेचं भिंग. साध्या डोळ्यांना जुळी भावंडं. मग त्यांच्या डोळ्याला दहापट भिंग लावलं, टेबललॅम्प तिरका केला आणि म्हटलं, सहाच्या आकड्याच्या जागी काचेच्या कडेला बघा. पहिली काच तिथे कोरी. दुसरीत बारीक ठिपक्यांचा मुकुट, म्हणजे रोलेक्सची खूण.

हा मुकुट रोलेक्स साधारण २००२ पासून लेझरने काचेत कोरते, नकली माल ओळखता यावा म्हणून. नकली करणाऱ्यांनी तोही उचलला. पण कंपनीचा मुकुट इतका बारीक असतो की तो दिसायला उजेडाचा कोन जुळवत बसावं लागतं. नकली मुकुट पुष्कळदा भिंगाशिवायही नजरेत भरतो. माझ्याकडची ती दुसरी काच तशीच होती. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातून निघालेली, दाखवण्यापुरती ठेवली आहे.

आता बघा, कोरी काच कुणालाही फसवत नाही. मी सफायर आहे, या मापाची आहे, एवढंच ती सांगते. दुसरी काच मुकुट लावून सांगते की मी जिनिव्हाहून आले. काचेचा माल कदाचित दोन्हीकडे सारखाच असेल, पण एक लोकल आणि दुसरी डुप्लिकेट. गंमत अशी की १९९४ साली कंपनी हा मुकुट कोरतच नव्हती, त्यामुळे काकांच्या घड्याळाला मुळातही कोरीच काच होती. मुकुटवाली घातली असती तर जाणकाराने पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारला असता.

आता लोकल म्हणजे चांगलं असा अर्थ कुणी काढू नका. लबाडी हा एक प्रश्न, मालाची प्रत हा दुसरा. लोकल भाग प्रामाणिक असूनही भंगार निघू शकतो. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत मी एका ओमेगाला स्वस्तातली चावी, म्हणजे बाजूचं वेळ लावायचं बटण, बसवली होती. नाव नाही, चिन्ह नाही, पूर्ण प्रामाणिक चावी. फक्त तिच्या आतली रबर रिंग, चावी जिच्यावर बसते त्या नळीवर, नीट दाबून बसत नव्हती. जूनमध्ये दिलेलं घड्याळ ऑगस्टमध्ये परत आलं, काचेच्या आतून वाफ धरलेली आणि तारखेच्या चकतीवर तपकिरी डाग. तो खर्च मी सोसला. तेव्हापासून चावी आणि तिची नळी या दोन गोष्टींत मी पैसे वाचवत नाही. कंपनीची मिळाली तर तीच, नाही मिळाली तर नावाजलेल्या सुट्या भागांच्या कारखान्याची, आणि बसवल्यावर प्रेशर टेस्ट, म्हणजे आत पाणी शिरेल का याची तपासणी.

आपल्याकडे हे जास्तच सांभाळावं लागतं. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने घाम, आणि वाऱ्यात मीठ. गावात राडोचं फार प्रेम आहे. आखातात गेलेल्या माणसाने पहिल्या सुट्टीत राडो आणायचा हा एके काळी शिरस्ताच होता. १९६२ साली आलेल्या राडोच्या डायस्टारची केस, म्हणजे बाहेरचं घर, टंगस्टन कार्बाइड या कठीण धातूमिश्रणाची आणि काच सफायरची, त्यामुळे पंचवीस वर्षांनीही ते घड्याळ बाहेरून कालपरवा घेतल्यासारखं दिसतं. तिथेच घात होतो. बाहेर चरा नाही म्हणून माणूस कधी उघडून बघत नाही, आणि आत मागच्या झाकणाची रबर रिंग वाळून गुळाच्या पापडीसारखी तुटत असते. या रिंगला ओरिजिनल की लोकल हा प्रश्नच मला फिजूल वाटतो. रबर चांगलं असावं, माप तंतोतंत असावं आणि दर सर्व्हिसिंगला ती बदलावी. तिच्यावर नाव कोणी बघत नाही, आणि तिचं डुप्लिकेट करण्याची तसदीही कोणी घेत नाही.

मशीनच्या बाबतीत मामला जरा नाजूक आहे. कित्येक स्विस घड्याळांत, राडोतसुद्धा, ईटीए या कारखान्याचं मशीन असतं. त्यातलं २८२४ तर घराघरांत पोचलेलं. सेलिटा नावाची दुसरी स्विस कंपनी पूर्वी ईटीएचीच मशीनं जुळवून द्यायची. ईटीएने बाहेरच्यांना माल कमी करायला घेतला, २८२४ चं पेटंटही संपलेलं होतं, तेव्हा सेलिटाने त्याच आराखड्यावर आपलं एसडब्ल्यू२०० काढलं. ठोके तेच, तासाला २८,८००. आतल्या चाकांचे आस ज्यांच्यावर फिरतात तो खडा मात्र एक जास्त, २५ च्या जागी २६. पुष्कळसे भाग एकमेकांत बसतात. हे लोकलचं आदर्श उदाहरण म्हणावं असं मशीन आहे, कारण त्यावर सेलिटाची स्वतःची खूण असते. तोच आराखडा चीनमध्येही बनतो. आपल्या नावाने विकला तर तक्रार नाही. पण बॅलन्सच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या चाकाखाली ईटीएची खूण ठोकून आलेलं चिनी मशीनही मी उघडलेलं आहे. चाक फिरत होतं, वेळही बरी दाखवत होतं. तरी ते डुप्लिकेटच.

लोकल भागांवाचून आमच्यासारख्यांचं चालतही नाही. ओमेगा, राडो, लाँजिन, टिसो ही सगळी स्वॉच ग्रुपची. २०१५ संपता संपता या ग्रुपने मान्यता नसलेल्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग मिळण्याची वाट बंद केली. रोलेक्सचे भाग तर त्याआधीपासूनच दुर्मिळ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. त्यानंतर पंधरा दिवस लोक गाळाने भरलेली घड्याळं डब्यांतून, पातेल्यांतून आणत होते. गंजलेल्या मेनस्प्रिंगा, म्हणजे घड्याळाला ताकद देणाऱ्या गुंडाळलेल्या पट्ट्या, मोजायलाही वेळ नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये जेनेराल रेसोर म्हणून कारखाना आहे, तो अशा स्प्रिंगा बनवतो. रुंदी, जाडी, लांबी आणि स्प्रिंग ज्यात बसते त्या डबीचं माप कळलं की त्यांच्या यादीतून नेमकी स्प्रिंग सापडते. ती घातलेली घड्याळं आजही चालू आहेत. कंपनीच्या भागासाठी अडून बसलो असतो तर ती अजून पातेल्यातच असती.

डायल हा मात्र सगळ्यात फसवा प्रांत. जुनी डायल डागाळली की ती खरवडून पुन्हा रंगवतात आणि वर कंपनीचं नाव छापतात. घड्याळ जमवणाऱ्या जगभरच्या लोकांनी अशा मालाला नावच ठेवलंय, मुंबई स्पेशल. एचएमटी, सायको, फाव्र-लुबा, वेस्ट एंड यांची रंगवलेली घड्याळं इतकी बाहेर गेली की आपल्या मुंबईची ही अशी कीर्ती झाली. एचएमटी जनता कधी आली नाही अशा भडक निळ्या नि केशरी रंगांत ती मिळते. अक्षरं जाडसर, नाव किंचित वाकडं, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. पत्रा खरा, नाव खोटं. मालकाने स्वतःसाठी रंगवून घेतली तर मी तिला दुरुस्ती म्हणेन. तीच "जुनी, न वापरलेली" म्हणून विकली तर ती डुप्लिकेट झाली, आणि मधल्या काळात डायल जागची हललेलीही नसते.

इथे आणखी एक घोळ आहे. कंपनीकडे सर्व्हिसिंगला दिलं आणि त्यांनी जुनी डायल काढून नवी घातली, तर ती शंभर टक्के कंपनीची असते, पण त्या घड्याळाची मूळची नसते. संग्राहक अशा घड्याळाला कमी पैसे देतात. वडिलांचं घड्याळ कंपनीत पाठवणार असाल तर डायल आणि काटे बदलू नका असं कागदावर लिहून द्या. नंतर हळहळून उपयोग नाही.

हल्ली पोरांना दुरुस्तीपेक्षा मॉडचं, म्हणजे घड्याळाचे भाग हौसेने बदलण्याचं, वेड जास्त. रत्नागिरीचा एक कॉलेजकुमार सायको ५ घेऊन आला. आत ७एस२६ मशीन, ज्याला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. त्याला एनएच३५ घालून हवं होतं. हे मशीन सायको स्वतःच इतर कारखान्यांना विकते. हाताने चावी देता येते, काटा थांबतो, ठोके तेच, तासाला २१,६००. सोबत सफायर काच आणि बिननावाची २८.५ मिलिमीटरची डायल. चावी तीनच्या जागी की चारच्या, यावर डायलच्या मागचे पाय कुठे येतात हे ठरतं, हे न बघता मागवलेल्या डायलचे पाय कापून ती चिकटवावी लागते. याने बघून मागवली होती, म्हणून काम एका दुपारीत झालं. हे झालं निखळ लोकल.

पुढच्या आठवड्यात त्याचा मित्र आला. तेच एनएच३५, पण केस पाटेक फिलिप या महागड्या स्विस कंपनीच्या नॉटिलस घड्याळासारखी आणि डायलवर पाटेकचं नाव. म्हणे, "दादा, फक्त बसवून द्या." मी नाही म्हटलं. बिननावाची डायल आण, लगेच बसवतो. तो रागावून गेला. दोन घड्याळांत फरक किती, तर डायलवरच्या दोन शब्दांचा.

कायदाही साधारण इथेच रेघ ओढतो. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम ३०(२)(घ) सांगतं की एखादा भाग अमुक वस्तूला बसतो हे कळवण्यापुरतं त्या वस्तूचं नाव घ्यायला हरकत नाही. म्हणजे "रोलेक्सला बसणारी काच" असं लिहिता येतं. काचेवर मुकुट कोरला की कलम १०३ लागतं आणि तसा माल विकला की १०४. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख.

बाहेर जानेवारी २०२४ मध्ये, एकाच महिन्यात, दोन निकाल आले. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मालकाने आपलं रोलेक्स स्वतःसाठी कारागिराकडून बदलून घेतलं तर त्याने ट्रेडमार्कचा भंग होत नाही. कारागिराने जाहिरात कशी केली, हा मुद्दा त्यांनी खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. अमेरिकेत टेक्सासच्या एका विक्रेत्याविरुद्ध मात्र निकाल रोलेक्सच्या बाजूने लागला. तो जुन्या रोलेक्सना बाहेरचे हिरे आणि बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, लावून ती रोलेक्स म्हणूनच विकत होता. दुबईहून हिरे जडवून आणलेली घड्याळं आपल्या भागातही आहेत. हातात मिरवायला हरकत नाही. पण डायलला भोकं पडलेली असतात, कंपनी असं घड्याळ सर्व्हिसिंगला सहसा घेत नाही, आणि विकायला काढलं की हिऱ्यांचे पैसे कोणी धरत नाही.

माझ्या दुकानात म्हणून दोन रिवाज आहेत. बदललेला प्रत्येक भाग बिलावर लिहायचा, आणि जुना भाग, मोडका का असेना, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तुमचा घड्याळजी असं करत नसेल तर मागून घ्या. उद्या मुलाने ते विकायला काढलं तर त्या बिलामुळे तो खोटा पडणार नाही.

काकांनी कोरी काच पसंत केली. बिलावर लिहिलं: काच लोकल, सफायर, बिनखुणेची; मागची रबर रिंग नवी. तडकलेली काच कागदाच्या पुडीत बांधून दिली, ती त्यांनी शर्टाच्या खिशात घातली.

"आता पावसात घातलं तर चालेल ना?"

"आज नका नेऊ, काका. रात्रभर राहू दे, सकाळी प्रेशर टेस्ट करतो. दहानंतर या."