मुरणारा चित्रपट

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीला मांडवीच्या काठाने चालत गेलं की गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या माणसांच्या रांगा लागतात आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो, "कसा होता?" भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपला इफ्फी, २००४ साली गोव्यात आला आणि इथलाच झाला. तेव्हापासून मी फोंड्याहून कदंबाची बस धरून जमेल तितके दिवस जातो. बाकीचं वर्ष उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्यात जातं.

त्या प्रश्नाची उत्तरं दोन तऱ्हांची असतात, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. एक उत्तर दारातून बाहेर पडतानाच तयार असतं, "भारी! जागचं हलू दिलं नाही." दुसऱ्याला वेळ लागतो. माणूस नुसता मान हलवतो, चहा घेतो, घरी जातो. मग चार दिवसांनी, कधी चार महिन्यांनी, भलत्याच वेळी त्या चित्रपटाबद्दल बोलू लागतो. पहिल्या उत्तरात चित्रपटाची पकड असते. दुसऱ्यात तो मुरलेला असतो, लोणचं मुरतं तसा. चित्रपट थोर कशाने होतो, याकडे विज्ञान वळलं तेव्हा त्याच्याही हाती आधी पकडच लागली. ती मोजता येते.

किती नेमकी मोजता येते, ते पाहा. जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी एका चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर उपकरण बसवलं. १६ चित्रपट, १०८ खेळ, सुमारे साडेनऊ हजार प्रेक्षक. हवेतल्या शेकडो वायूंचं प्रमाण क्षणाक्षणाला नोंदलं गेलं. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्कंठेचा प्रसंग आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन हा वायू वाढे. आयसोप्रीन आपल्या शरीरात तयार होतो, स्नायूंत साठतो आणि आपण अंग आवळलं, दचकलो, खुर्चीत सरकलो की श्वासावाटे बाहेर पडतो. वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्रेक्षकांसमोर तोच चित्रपट लावला तरी आलेखावरची शिखरं त्याच प्रसंगांना उभी राहत. विनोदी जागाही हवेत उमटल्या. सभागृहातली शेकडो माणसं एकाच वेळी श्वास रोखतात, असं आपण म्हणतो, आणि ते अक्षरशः खरं निघालं.

त्याआधी, २००४ साली, मेंदूचा अभ्यास करणारे उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जणांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या एमआरआय यंत्रात झोपवून सर्जिओ लिओनी यांच्या एका गाजलेल्या वेस्टर्नपटाचा अर्धा तास दाखवला. कुणालाही काही सूचना नव्हती, आरामात बघा एवढंच. पाचही मेंदूंच्या मोठ्या भागात चढउतार एकाच तालात होऊ लागले. ओळख ना पाळख, पण एकाच वेळी एकच जागा उजळत होती.

पुढे हॅसन यांच्या गटाने वेगवेगळ्या चित्रफितींची तुलना केली, ती मला फार बोलकी वाटते. हिचकॉक यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत १९६१ सालचा एक भाग आहे. त्यात एक लहान मुलगा खरं, गोळ्या भरलेलं पिस्तूल खेळण्यातलं समजून गावभर फिरतो. तो भाग पाहताना प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचा जवळजवळ ६५ टक्के भाग एकमेकांशी जुळला. लिओनी यांच्या चित्रपटात ४५ टक्के, एका विनोदी मालिकेत १८ टक्के. आणि न्यूयॉर्कच्या एका बागेत कॅमेरा नुसता उभा करून टिपलेल्या, काहीच न घडणाऱ्या चित्रणात ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे समोर हलणारी चित्रं असली की मेंदू जुळतात असं नाही. कुठे पाहायचं, कधी पाहायचं, आत्ता काय ठाऊक असायला हवं आणि काय नको, हे कुणीतरी ठरवलेलं लागतं. दिग्दर्शन आणि संकलन म्हणतात ते हेच.

पण म्हणून ६५ टक्क्यांचा चित्रपट ४५ टक्क्यांच्या चित्रपटाहून थोर ठरत नाही, हे हॅसन यांच्या गटानेच स्पष्ट लिहिलं आहे. हा आकडा प्रेक्षकावरचा ताबा सांगतो, कलेची प्रत सांगत नाही. मला ते मनापासून पटतं. पाटो पुलावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या तरी बसमधल्या सगळ्या माना एकाच बाजूला वळतात.

मग मुरणं मोजायचं कुठे? मला त्याचा पहिला धागा मिळाला तो पापणीत.

आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. डोळा ओला राखायला इतक्या वेळा मिटायची गरज नसते. जपानमध्ये तामामी नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलं की गोष्ट असलेली चित्रफीत पाहताना प्रेक्षकांच्या पापण्या एकाच सुमाराला मिटतात, आणि त्याही नेमक्या फटीत: पात्राची एखादी कृती संपली, तोच प्रसंग पुन्हा आला, मुख्य पात्र पडद्याआड गेलं. कुठलीही गोष्ट नसलेल्या निसर्गदृश्यांपुढे हे घडत नाही. २०१३ साली त्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं. पापणी मिटते त्या क्षणी मेंदूतलं लक्ष देणारं जाळं किंचित मंदावतं आणि दुसरं एक जाळं क्षणभर जागं होतं, असं त्यांना दिसलं. हे दुसरं जाळं एरवी आपण स्वतःशी विचार करतो, आठवतो, मनात रमतो तेव्हा काम करतं. म्हणजे चित्रपट चालू असतानाच, पापणीआडच्या त्या इवल्याशा अंधारात, आपण पाहिलेलं आत नेऊन ठेवत असू. प्रयोग एवढं ठामपणे सांगत नाही, मी सांगतो आहे. पण वॉल्टर मर्च यांच्यासारख्या मोठ्या संकलकाला हीच जागा संकलनाच्या टेबलावर सापडली होती. १९७४ च्या एका चित्रपटाचं संकलन करताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण जिथे दृश्य तोडतो, तिथेच पुष्कळदा नटाची पापणी मिटलेली असते. विचार पुरा झाला की डोळा मिटतो, आणि दृश्यही तिथेच तोडावं. उत्तम संकलक कोणती जागा तोडायची याइतकंच कुठे थांबायचं हे जाणतो.

इथे मला पेडण्याकडच्या जत्रा आठवतात. देवळापुढच्या मांडावर मध्यरात्री दशावतार सुरू होई. पायपेटी, पखवाज, झांज. आम्ही मुलं खाज्याचा पुडा धरून चटईवर. कुठला राक्षस मरणार हे मांडावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे, तरी राक्षस किंचाळत आला की पोटात गोळा येई. शेवट माहीत असूनही उत्कंठा का टिकते, हा मानसशास्त्रातला जुना प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे २०११ साली वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट ठाऊक असलेल्यांना गोष्टी सरासरीने थोड्या अधिकच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही दिसलं, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण 'पुढे काय होणार' एवढ्याच दोरीवर जी गोष्ट लटकते तिला दुसऱ्यांदा पाहायला आपण जात नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दुसऱ्यांदा पाहताना आपण घटना सोडून त्यांच्यामधल्या जागांकडे बघू लागतो.

या जागा मेंदूच्या लेखी किती मोलाच्या आहेत, हेही हॅसन यांच्या गटाने २००८ साली तपासलं. जुन्या मूकपटांचे काही सेकंदांचे तुकडे करून ते उलटसुलट क्रमाने दाखवले. डोळ्यांकडून थेट माहिती घेणाऱ्या भागांना त्याचं काहीच वाटलं नाही, ते पूर्वीसारखेच चालत राहिले. मेंदूचे जे भाग अर्थ लावतात, माणसांचे हेतू ओळखतात, त्यांची जुळणी मात्र बिघडली. त्यांना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे, त्याहूनही लांब सलग पट्टे हवे होते. एकेक दृश्य कितीही देखणं असो, हे भाग कालपटावर जगतात.

आणि आता त्या प्रयोगाकडे येतो ज्याने माझ्या 'मुरणं' या शब्दाला हाडंमांस दिलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जॅनिस चेन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात लोकांनी यंत्रात पडून एका गुप्तहेर मालिकेचा सुमारे ५० मिनिटांचा भाग पाहिला आणि मग तिथेच, कुणीही न टोकता, आठवेल तशी गोष्ट मोठ्याने सांगितली. प्रत्येकाचे शब्द वेगळे, सांगण्याची लांबी वेगळी. तरी एखादा प्रसंग सांगताना सांगणाऱ्यांच्या मेंदूंतल्या हालचालींचे नक्षे एकमेकांशी जुळत होते. त्याहून नवल पुढे आहे. आठवताना उमटलेला नक्षा पाहतानाच्या नक्ष्यासारखा जसाच्या तसा नव्हता, तो बदललेला होता, आणि हा बदल वेगवेगळ्या माणसांत एकाच दिशेने झाला होता. आठवण म्हणजे पाहिलेल्याची फिकट झेरॉक्स असती तर प्रत्येकाची झेरॉक्स आपापल्या परीने पुसट झाली असती. इथे गोष्ट सगळ्यांच्या आत एकाच प्रकारे मुरली होती.

अर्थात हे काही मिनिटांनंतरचं. चित्रपटाचं थोरपण वर्षांत मोजावं लागतं, आणि तितका वेळ कुणी यंत्रात पडून राहत नाही. त्यासाठी मॅक्स वॉसरमन, श्याओहान झेंग आणि लुईस अमराल यांनी २०१५ साली वेगळी वाट काढली. त्यांनी १५,४२५ अमेरिकी चित्रपट घेतले आणि कुठल्या चित्रपटाने कुठल्या जुन्या चित्रपटाचा हवाला दिला आहे ते पाहिलं. एखादा संवाद, एखादी चौकट, एखाद्या प्रसंगाची आठवण. मग विचारलं, अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने कायम जतन करण्यासाठी निवडलेले चित्रपट कोणते असतील, हे कशावरून ओळखता येतं? समीक्षकांच्या गुणांपेक्षा, प्रेक्षकांच्या ताऱ्यांपेक्षाही चांगला पुरावा ठरला तो २५ वर्षं किंवा त्याहून अधिक काळानंतर मिळालेल्या हवाल्यांचा. ताज्या हवाल्यांत जाहिरातीचा, कौतुकाचा, स्पर्धेचा अंश असतो. पाव शतकानंतर ज्याला कुणी हात लावतं, तो कुणाच्या तरी मनात इतकी वर्षं चालू राहिलेला असतो.

आपल्या इफ्फीच्याच पहिल्या पानावर याचं उदाहरण आहे, आणि तिथे तर पाव शतकही लागलं नाही. १९५२ साली मुंबईत पहिला महोत्सव भरला, त्यात व्हित्तोरियो डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. हिंदुस्थानातल्या स्टुडिओंत वाढलेल्या माणसांनी रस्त्यावर, खऱ्या उन्हात, सायकल शोधत हिंडणारे बाप-लेक पाहिले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. सत्यजित राय यांनी तोच इटालियन चित्रपट १९५० साली लंडनला पाहिला होता आणि 'पथेर पांचाली' १९५५ साली पुरा केला. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारतं. १९५२च्या पहिल्या कौलात 'बायसिकल थीव्ज' पहिला होता. 'सिटिझन केन' पहिल्या दहातही नव्हता. १९६२ला 'केन' पहिल्या जागी चढला आणि २००२पर्यंत तिथेच राहिला, २०१२ला त्याची जागा 'व्हर्टिगो'ने घेतली. २०२२ साली पहिला आला शांताल आकरमान यांचा १९७५चा 'जान दिलमान', तीन तास एकवीस मिनिटांचा. त्यात एक विधवा गृहिणी तीन दिवस घरकाम करते. कॅमेरा हलत नाही. ती बटाटे सोलते तर आपण बटाटे सोललेले बघतो, पूर्ण वेळ. हॅसन यांच्या तक्त्यावर हा चित्रपट बहुधा हिचकॉकपेक्षा त्या बागेच्या चित्रणाशेजारी बसला असता.

माझी भाची संकलन शिकते. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी मी तिला तो घरी दाखवला. ती दोनदा मोबाइलकडे वळली, एकदा पाणी प्यायला उठली, आणि संपल्यावर म्हणाली, "मामा, हा तू मला शिक्षा म्हणून दाखवलास." मी वाद घातला नाही.

चतुर्थीला आमच्याकडे खतखतं असतं. ती सकाळपासून मागच्या पडवीत माझ्या बहिणीबरोबर कणगं, सुरण, बटाटे सोलायला बसली होती. मी तेफळं घेऊन आत जात होतो, तर सुरी हातातच धरून ती थांबलेली. "त्या बाईचे दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात ना," ती म्हणाली, "ती पातेलं घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं ते कळत नाही तिला." मी म्हटलं, हो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग आईकडे बघत तिने विचारलं, "तुझं असं कधी झालं होतं?" बहीण सोलायची थांबली.