पोकळी-मेणाचा पाझर

मोटारगाडीच्या सांगाड्यातील बंद पोकळ्यांत कारखान्यातच भरलेले गंजरोधक मेण गाडी नवी असताना सांध्यांतून, निचरा-छिद्रांतून आणि पत्र्याच्या मुडपलेल्या कडांतून बाहेर येते व रंगावर ओघळते, त्यास पोकळी-मेणाचा पाझर म्हणतात. ओघळाचा रंग फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत असतो. दारांची खालची कड, दाराखालचा उंबरठा, बॉनेटची पुढची कड, डिकीच्या झाकणावरील नंबरप्लेटच्या दिव्याची खोबण आणि चाकावरील कमानीची आतली घडी या त्याच्या नेहमीच्या जागा. पांढऱ्या व चंदेरी गाड्यांवर तो लवकर नजरेत भरतो.

मेणाची गरज का पडते, हे रंगकामाच्या मर्यादेतून समजते. जोडून तयार झालेला सांगाडा विद्युत्-लेपनाच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने रंगाचा थर बसवण्याच्या, हौदात बुडवतात. ऋणाग्री (सांगाड्याला विजेचे ऋण टोक जोडून करायच्या) विद्युत्-लेपनाची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. तिच्यामुळे पत्र्यावर साधारण २० मायक्रॉनचा एकसारखा थर बसतो. मात्र बंद पेटीसारख्या भागांत विद्युत्-क्षेत्र क्षीण होत जाते व थर विरळ पडतो. दार किंवा बॉनेट तयार करताना बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून दाबतात. त्या अरुंद घडीत तर लेप पुरेसा पोचतच नाही. तेथे केशाकर्षणाने शिरलेले पाणी टिकून राहते. फटीच्या आत ऑक्सिजन कमी आणि तोंडाशी जास्त अशी स्थिती निर्माण होऊन आतला भाग धनाग्रासारखा (विद्युत्-घटातील झिजणाऱ्या टोकासारखा) वागतो व पोखरला जातो. यालाच फट-संक्षारण म्हणतात. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत हा प्रकार विशेष तीव्र असतो.

उगम : पोकळीत मेण भरण्याच्या पद्धतीचा उगम दोन निरनिराळ्या परंपरांशी जोडता येतो. पहिली परंपरा पेट्रोलियमजन्य मलमांची. रॉबर्ट चीझब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत व्हॅसलिनचे पेटंट घेतले. फिलाडेल्फियाच्या ई. एफ. हॉटन कंपनीचे कॉस्मोलिन हे त्याच वर्गातील द्रव्य १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातले. दुसऱ्या महायुद्धात बंदुका व सुटे भाग कॉस्मोलिनने माखून समुद्रमार्गे पाठवीत. युद्धानंतर निर्यातीच्या नव्या गाड्यांनाही बाहेरून मेणाचा तात्पुरता थर देऊ लागले. बंदरात गाडी उतरल्यावर तो रॉकेल, वाफ किंवा अन्य विद्रावकाने धुऊन काढीत. सांडपाण्याचा प्रश्न आणि श्रम यांमुळे पुढे त्याची जागा प्रथम ॲक्रिलिक लेपाने व नंतर चिकटपट्टीसारख्या फिल्मने घेतली.

दुसरी परंपरा गॅरेजांतली. डेट्रॉइटमध्ये स्थायिक झालेले जर्मन कारागीर कुर्ट झीबार्ट यांच्या नावाने १९५९ मध्ये सुरू झालेल्या व्यवसायात विकलेल्या गाडीच्या पोकळ्यांत लांब नळीच्या तोटीने गंजरोधक द्रव्य फवारीत. स्वीडनमध्येही डिनॉलसारखी पोकळीत फवारायची द्रव्ये प्रचारात होती. कारखान्यांनी हे काम स्वतःकडे घेतले ते नंतर. फोक्सवॅगनची गरम मेण ओतण्याची पद्धत साधारणपणे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील मानतात व १९८३ च्या दुसऱ्या पिढीच्या गोल्फशी तिचा संबंध जोडतात. तीत सुमारे १२०° से. तापमानाचे वितळलेले मेण आधी गरम केलेल्या सांगाड्याच्या पोकळ्यांत दाबाने भरतात आणि जादा मेण निथळू देतात. द्रव्याची जात पाहिली तर पहिली परंपरा जवळची वाटते. परंतु बाहेरचा थर धुऊन काढण्यासाठीच असे, पोकळीतले मेण मात्र गाडीच्या आयुष्यभरासाठी असते. उद्देश आणि भरण्याची रीत लक्षात घेता गॅरेज-परंपरेलाच कारखान्यातील पद्धतीची पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. सफाईच्या दृष्टीने हा भेद पुस्तकी नाही : धुऊन काढायच्या मेणाची रीत टिकवायच्या मेणाला लावली, तर नुकसान होते.

जस्तलेपित पत्र्यामुळे मेणाची गरज उरली नाही, असेही एक मत आहे. पोर्शने १९७५ च्या सुमारास व आउडीने १९८० च्या दशकाच्या मध्यास जस्तलेपित सांगाडे आणले. तथापि कापलेल्या कडा आणि वितळजोडाच्या जागा उघड्याच राहतात. जस्ताच्या जोडीने मेण वापरणे सुरू राहिले, यावरूनही हे मत पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही.

घटक व प्रवाहीपणा : पोकळी-मेणात पेट्रोलियम मेण किंवा ऑक्सिडीभूत पेट्रोलॅटम (व्हॅसलिनच्या वर्गातील द्रव्य), तेल, कॅल्शियम सल्फोनेटासारखी संक्षारणरोधके आणि काही प्रकारांत व्हाइट स्पिरिटसारखा विद्रावक असतो. त्याच्याकडून परस्परविरोधी दोन अपेक्षा असतात. भरताना त्याने मिलिमीटरच्या काही शतांश रुंदीच्या घडीतही खोल शिरावे, आणि नंतर उन्हात तापले तरी गळू नये. अरुंद फटीत द्रव किती आत जातो, हे लुकस (१९१८) व वॉशबर्न (१९२१) या शास्त्रज्ञांच्या समीकरणावरून काढतात. आत शिरलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि श्यानता (द्रवाचा दाटपणा) वाढली की घटते. मेण घट्ट ठेवले तर घडी कोरडी राहते, पातळ ठेवले तर पाझरते. यावर तोडगा म्हणून मेणाला ढवळल्यावर पातळ व स्थिर राहिल्यावर घट्ट होण्याचा गुण दिला जातो. फवारताना ते वाहते, जागेवर बसल्यावर थिजते.

तरी पाझर होतो. याची कारणे मुख्यतः तीन. विद्रावक पूर्ण उडून जाण्यापूर्वी गाडी उन्हात उभी राहते. गडद रंगाचा पत्रा कडक उन्हात ६० ते ७०° से.पर्यंत तापतो, तर पॅराफिन मेणाचा वितळबिंदूच साधारण ४६ ते ६८° से.च्या दरम्यान आहे. सूक्ष्मस्फटिकी मेणाचा याहून वरचा असल्याने मिश्रणात त्याला महत्त्व असते. तिसरे कारण दुर्लक्षित राहते : मेणाच्या जाळीत धरलेले तेल उष्णतेने सुटे होऊन एकटेच बाहेर झिरपते. पारदर्शक, मधासारखा पिवळा ओघळ बहुधा या तेलाचा असतो, गढूळ तपकिरी ओघळ खुद्द मेणाचा. दोन्हींवर धूळ बसली की काळ्या रेघा दिसतात. पहिला उन्हाळा सरल्यावर पाझर सहसा मंदावतो. थोडा पाझर हा दोष समजू नये. मेण घडीच्या कडेपर्यंत पोचल्याची ती खूणच आहे.

ओळख : तपकिरी डाग पाहून मालकाला गंजाची शंका येणे साहजिक आहे. कापडाला रॉकेलचा एक थेंब लावून डागावर टेकवला असता मेण विरघळून कापडावर उतरते, गंजाचा डाग हलत नाही. उलट गंजाचे डाग काढणारी आम्लधर्मी किंवा लोहकण विरघळवणारी द्रावणे मेणावर निरुपयोगी ठरतात.

सफाई : मेण अध्रुवीय, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या, हायड्रोकार्बनांचे असल्याने साबणपाण्याने ते नीट निघत नाही. कोमट पाण्याने मऊ होते, पण पसरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलही यावर दुबळे आहे. व्हाइट स्पिरिट, रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन, रॉकेल किंवा डांबराचे डाग काढणारे तयार द्रावण चालते. आधी गाडी धुऊन वाळू व धूळ काढावी, नाहीतर पुसताना रंगावर ओरखडे उठतात. पत्रा सावलीत व हाताला गार असावा. मऊ मायक्रोफायबर कापड ओले न करता केवळ दमट करावे, डागावर काही क्षण टेकवून ठेवावे आणि कडेपासून बाहेरच्या दिशेने पुसावे. कापडाची घडी वरचेवर बदलावी, अन्यथा उचललेले मेण पुढच्या पत्र्यावर जाते. विद्रावकाचा तेलकट थर राहतो, तो शाम्पूने धुवावा. या प्रक्रियेत रंगावरचे संरक्षक पॉलिशही निघून जाते, म्हणून त्या जागी ते पुन्हा लावावे लागते.

कारखान्यात भाजलेला रंग अशा अल्प संपर्काने बिघडत नाही. रबर व प्लॅस्टिक यांबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. दारांच्या बीडिंगसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर खनिज तेलांत फुगते. दिव्यांवरील पॉलिकार्बोनेट व ॲक्रिलिक आवरणांना तीव्र विद्रावकाने बारीक तडे जातात. अशा जागी विद्रावक टाळून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने मेण हलके खरवडावे, उरलेले कोमट शाम्पूपाण्याने काढावे. एनसी थिनर (रंग पातळ करण्याचा तीव्र विद्रावक) किंवा ॲसिटोन कोठेच वापरू नये. पुन्हा रंगवलेला भाग त्याने मऊ पडतो. पेट्रोल अनेक ठिकाणी सर्रास वापरले जाते, पण त्याची वाफ थंडीतही पेट घेते.

सर्वांत जास्त हानी अतिउत्साहाने होते. घडीत पिन किंवा सुई घालून मेण उकरणे, सांध्यावर वाफेचा वा गरम पाण्याचा जोरदार फवारा धरणे, निचरा-छिद्रातून विद्रावक आत सोडणे या तिन्ही कृतींनी संरक्षणच निघून जाते. पत्र्याच्या बाहेर आलेले तेवढेच पुसावे. छिद्रावरच मेणाची गुठळी बसून पाणी अडत असेल, तर मऊ प्लॅस्टिकच्या काडीने केवळ छिद्र मोकळे करावे. टायरवर किंवा ब्रेकच्या चकतीवर थेंब पडले असतील, तर चकतीसाठी ब्रेक-क्लीनर वापरावा, रॉकेल नव्हे. त्याचा तेलकट अंश घर्षण कमी करतो.

महाराष्ट्रात कोकणपट्टीची खारी, दमट हवा मेणाची गरज वाढवते, तर विदर्भात मे महिन्यात हवेचेच तापमान ४५° से.च्या पुढे जात असल्याने पाझर अधिक संभवतो. नवी गाडी घेताना गंजरोधक लेप जादा पैसे घेऊन सुचवला जातो. तो बहुधा तळाला मारतात. त्या फवाऱ्याने निचरा-छिद्रे बुजली नाहीत ना, हे गाडी ताब्यात घेताना पाहावे. रंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म बसवायची असल्यास दारांच्या खालच्या कडा विद्रावकाने पुसूनच ती चिकटवतात. तरीही मागाहून पाझर आला की फिल्मची कड उचलली जाते, म्हणून पहिला उन्हाळा जाऊ देणे किंवा फिल्म मुडपीच्या अलीकडे संपवणे इष्ट.